लिक्विड यीस्ट उठत नाही, किंवा अर्ध्यावर बसतं: नाशिकच्या हवेत सापडलेली कारणं

तक्रार जवळजवळ दर वेळी एकच असते. वॉर्ट, म्हणजे माल्टपासून (मोड आणून वाळवलेल्या जवापासून) काढलेलं बिअरचं गोड पाणी, चांगलं झालेलं असतं, निवलेलं असतं, लिक्विड म्हणजे ओल्या यीस्टचं पाकीट ओतलेलं असतं आणि छत्तीस तास उलटले तरी फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवायच्या भांड्यात, फेसाचा पत्ता नसतो. कधी तिसऱ्या दिवशी उशिरा उठतं, चार दिवस चालतं आणि ग्रॅव्हिटी १.०२२ च्या आसपास येऊन बसते (ग्रॅव्हिटी म्हणजे पाण्याच्या तुलनेत घनता; साखर आंबत जाते तशी ती उतरते). बिअर गोड, जड लागते, आणि तशीच बाटलीत भरावी तर बाटली फुटण्याची भीती.

मी नाशिकमध्ये एका छोट्या, परवाना असलेल्या ब्रूअरीत काम करतो. रेसिपी मोठ्या टाकीत जाण्याआधी तिच्या २० लिटरच्या चाचणी बॅच करायच्या, हे काम माझ्याकडे आहे. म्हणजे माझी साधनं घरी बिअर करणाऱ्यांचीच: एक मोठं पातेलं, तांब्याच्या नळीचा चिलर, प्लास्टिकचा फर्मेंटर, एक फ्रिज. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर तयार करणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, स्वतःपुरती केली तरीही. त्यामुळे हे लिहितोय ते परवान्याच्या जागी काम करणाऱ्यांसाठी आणि जिथे घरी बिअर करायला मुभा आहे अशा देशांत राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी. माझा मावसभाऊ न्यू जर्सीत राहतो आणि घरी करतो. त्याचा फोन आणि इथले माझे सहकारी, दोघांचा प्रश्न तोच असतो: यीस्ट टाकलंय, हलत का नाही?

मी स्वतः एका उन्हाळ्यात ओळीने चार बॅच अशा बसवल्या. तेव्हा दोष मॅशला, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजवण्याला, दिला, मग पाण्याला दिला, मग माल्ट बदललं. खरं कारण यीस्ट वॉर्टमध्ये पडण्याच्या आधीच घडून गेलेलं होतं. लिक्विड यीस्टच्या बाबतीत बहुतेक वेळा असंच असतं, म्हणून शोध मॅशपासून नाही, पाकिटापासून सुरू करायला हवा: पाकीट कुठून, किती दिवसांनी, किती उन्हातून आलं, आणि ओतलं तेव्हा त्यात जिवंत किती होतं.

पण त्याआधी एक खात्री.

खरंच थांबलंय का?

एअरलॉकमध्ये (झाकणावरच्या, वायू बाहेर सोडणाऱ्या पाण्याच्या नळीत) बुडबुडे नाहीत म्हणजे आंबणं बंद आहे, असं नाही. प्लास्टिकच्या फर्मेंटरचं झाकण जरा जरी सैल असलं तरी वायू तिथून निघून जातो आणि एअरलॉक शांत राहतो. आधी ग्रॅव्हिटी मोजा. आणि मोजताना कशाने मोजताय ते बघा, कारण नाशिकमध्ये इथेच एक चूक सारखी होते.

आपल्याकडे द्राक्षामुळे रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे थेंबातून जाणाऱ्या प्रकाशावरून साखर मोजणारं यंत्र, घरोघरी आहे. माझा दिंडोरीचा बागायतदार मित्र एकदा ब्रूअरीत आला, खिशातून रिफ्रॅक्टोमीटर काढला, फर्मेंटरमधला थेंब काचेवर टाकला आणि म्हणाला, "सहाच्या वर साखर आहे अजून. तुझं थांबलंय बघ." द्राक्षाच्या मण्यात त्याचं वाचन अचूक असतं, कारण तिथे दारू नसते. आंबलेल्या बिअरमध्ये दारू प्रकाश वेगळा वाकवते आणि आकडा फुगतो. सुरुवातीला १२.४ ब्रिक्स (साखरेचे टक्के) असलेली बॅच शेवटी ६.३ दाखवत असेल, तर चारने गुणून १.०२५ निघतं आणि माणूस घाबरतो. दारूचा परिणाम हिशेबात धरला की तीच बिअर सुमारे १.०१२ ला असते, म्हणजे उत्तम उतरलेली. रिफ्रॅक्टोमीटर यीस्ट टाकेपर्यंतच वापरायचा. नंतर हायड्रोमीटर (द्रवात तरंगून घनता दाखवणारी काचेची नळी), किंवा मग दुरुस्तीचं गणित.

हायड्रोमीटरची चूक उलट्या बाजूची असते. तो बहुधा २० अंशांना जुळवलेला असतो. मे महिन्यात खोलीतच ३५ अंश असतील तर नमुना तापतो, पातळ होतो आणि वाचन साधारण ०.००४ ने कमी येतं. १.०१० दिसलं तर खरं १.०१४ आहे. नमुन्याची नळी गार पाण्यात ठेवून मगच वाचा.

पीएच मीटर असेल तर आणखी लवकर कळतं (आंबटपणा वाढला की पीएचचा आकडा उतरतो). ताजं वॉर्ट ५.२ ते ५.४ ला असतं. यीस्ट कामाला लागलं की फेस दिसायच्या आधीच पीएच उतरू लागतो, आणि आंबणं संपेपर्यंत ४.२ ते ४.५ पर्यंत येतो. चोवीस तासांनी पीएच पाचच्या खाली गेलेला असेल तर निवांत झोपा. अजून ५.३ च असेल तर यीस्ट खरंच उठलेलं नाही.

पाकिटात किती, लागतात किती

थंडीत दही लागेना की आई दोन गोष्टी करते: विरजण जरा जास्त घालते आणि पातेलं गव्हाच्या डब्यात ठेवते. जास्त जीव आणि योग्य ऊब. बिअरमध्येही तेच आहे. फरक एवढाच की दह्याचं विरजण कालचं, घरचं, जोमदार असतं, आणि आपलं लिक्विड यीस्ट महिनाभर प्रवास करून आलेलं असतं.

एलसाठी, म्हणजे उबेत आंबणाऱ्या बिअरसाठी, ब्रूअर जो हिशेब धरतात तो असा: वॉर्टच्या दर मिलिलिटरला, प्लेटोच्या (ब्रिक्ससारखंच साखरेचं माप) दर अंशाला साडेसात लाख जिवंत पेशी. लागरला, म्हणजे गारव्यात आंबणाऱ्या बिअरला, याच्या दुप्पट. आपली बॅच २० लिटर, ग्रॅव्हिटी १.०५०, म्हणजे सुमारे १२.४ प्लेटो. गुणाकार केला की १८६ अब्ज पेशी येतात. लिक्विड यीस्टच्या नेहमीच्या पाकिटात भरताना १०० अब्जांच्या आसपास असतात. काही नव्या पाकिटांत जास्त भरतात, ते वाचून घ्यावं. म्हणजे अगदी ताजं पाकीटसुद्धा हिशेबाच्या जेमतेम अर्ध्यावर असतं. ताज्या पाकिटावर बॅच होऊन जाते, उशिरा उठून का होईना. पण पाकीट ताजं कधी असतं? फ्रिजमध्ये नीट ठेवलं तरी महिन्याला सुमारे २० टक्के पेशी मरतात असं धरून चालतात. अमेरिकेत भरलेलं पाकीट मुंबईत येऊन विक्रेत्याच्या फ्रिजमधून आपल्या हातात पडेपर्यंत दोन महिने सहज जातात. राहिले साठ-पासष्ट अब्ज, तेही वाटेत सगळं गारच राहिलं असेल तर.

आणि वाटेत गार राहत नाही.

माझ्या चार बिघडलेल्या बॅचनंतर मी पिंपळगाव बसवंतच्या एका ओळखीच्या द्राक्ष निर्यातदाराकडून तापमान नोंदवणारा लॉगर आणला. द्राक्षाच्या कंटेनरमध्ये ठेवतात तोच, पेनड्राइव्हएवढा. तो विक्रेत्याकडे पाठवला आणि पुढच्या पार्सलमध्ये यीस्टच्या शेजारी ठेवायला सांगितला. पार्सल तीन दिवसांनी आलं. जेल पॅक पाणी होऊन गेलेले. लॉगरचा आलेख उघडला तर दुसऱ्या दिवशी दुपारी ४३ अंश, आणि ३८ च्या वर सलग सहा तास. कुठल्या तरी गोदामात किंवा पत्र्याच्या गाडीत ते पडून होतं. मला त्या दिवशी खरोखर वाईट वाटलं. आपल्या जिल्ह्यातून द्राक्ष शून्य अंशाच्या आसपास राखून समुद्रापार युरोपात जातं, आणि उलट्या दिशेने येणारी एवढीशी जिवंत वस्तू मुंबई ते नाशिक या पावणेदोनशे किलोमीटरमध्ये उकडून निघते.

त्या पाकिटाची आतली पिशवी फोडली तेव्हा ते फुगलंही होतं. हे लक्षात ठेवा. आत पोषणद्रव्याची पिशवी असलेलं पाकीट फुगलं म्हणजे त्यात काही पेशी जिवंत आहेत एवढंच कळतं. किती आहेत ते कळत नाही. मी चारही वेळा फुगलेलं पाकीट बघून समाधानाने ओतलं होतं.

सूक्ष्मदर्शकाखाली बघा

हा भाग अनेकांना अवघड वाटतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. ४०० पट मोठं दाखवणारा साधा, कॉलेजात असतो तसा सूक्ष्मदर्शक पुरतो. त्यासोबत पेशी मोजायची आखलेली काच लागते, जी रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये वापरतात, आणि मिथिलीन ब्लू हा निळा रंग. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात तिन्ही मिळतात.

यीस्ट हलवून एकजीव करा आणि शंभर पट पातळ करा: एक मिलिलिटर यीस्ट, ९९ मिलिलिटर पाणी. त्यातलं थोडं घेऊन तेवढाच ०.०१ टक्क्यांचा मिथिलीन ब्लू मिसळा, दोनेक मिनिटं थांबा, थेंब काचेवर सोडा. जिवंत पेशी निळा रंग मोडून टाकते आणि बिनरंगी दिसते, मेलेली पेशी गडद निळी होते. काचेवरच्या मधल्या मोठ्या चौकोनात २५ घरं असतात. चार कोपऱ्यांतली आणि मधलं एक अशी पाच घरं मोजा, पाचने गुणा, दहा हजारांनी गुणा, मग जेवढं पातळ केलं तेवढ्याने गुणा. रंग मिसळल्याने पुन्हा दुप्पट पातळ झालं, म्हणून इथे दोनशेने. पाच घरांत ८० पेशी सापडल्या तर मिलिलिटरला ८० कोटी होतात, आणि १२५ मिलिलिटरच्या पाकिटात १०० अब्ज. एवढं भरलं तर पाकीट भरतानाचा आकडा शाबूत आहे. मग त्यातल्या बिनरंगी किती ते बघायचं.

उन्हातून आलेल्या त्या पाकिटात चारातली एक पेशी बिनरंगी होती. पाकीट सात आठवडे जुनं होतं, म्हणजे फ्रिजच्या हिशेबाने चारातल्या जवळजवळ तीन जिवंत असायला हव्या होत्या. आणि मिथिलीन ब्लू स्वतःच जरा उदार आहे: जिवंत पेशींचं प्रमाण खूप खाली गेलं की हा रंग खऱ्यापेक्षा जास्त जिवंत दाखवतो. म्हणून निम्म्या जिवंत दिसल्या तर मी निम्म्याहून कमी धरतो.

ज्यांना सूक्ष्मदर्शक नको आहे त्यांच्यासाठी एकच उपाय, आणि तो मोजणाऱ्यांनाही चुकत नाही. स्टार्टर.

स्टार्टर प्रत्येक वेळी

वॉर्ट शिजवायच्या दोन-तीन दिवस आधी यीस्टला छोट्या वॉर्टमध्ये वाढवून घ्यायचं. एक लिटर पाण्याला १०० ग्रॅम सुकं माल्ट एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे ग्रॅव्हिटी १.०३६ च्या आसपास. पंधरा मिनिटं उकळा, गार करा, जंतू मारलेल्या फ्लास्कमध्ये ओता, यीस्ट टाका, तोंडाला फॉइल सैल गुंडाळा. मॅग्नेटिक स्टिररवर ठेवलं तर वाढ खूपच चांगली होते. जुन्या कॉम्प्युटरच्या पंख्यावर हार्ड डिस्कमधलं चुंबक चिकटवून घरीही स्टिरर होतो, माझा पहिला तसाच होता. स्टिरर नसेल तर येता-जाता फ्लास्क फिरवत राहा. ताज्या पाकिटाला स्टिररवर दोन लिटर दिले की पेशी दुप्पट किंवा त्याहून जास्त होतात, आणि आपले १८६ अब्ज गाठले जातात.

शंकास्पद पाकिटाला मात्र एकदम दोन लिटर देऊ नका. दुबळ्या पेशींना आधी अर्धा लिटर, तोही पातळ, १.०२० चा. दुसऱ्या दिवशी त्यात जीव आला, पांढुरका गाळ दाट झाला की मग दोन लिटर. एक दिवस जास्त जातो, पण बॅच जात नाही. आणि पहिल्या अर्ध्या लिटरमध्ये दोन दिवसांनीही काही झालं नाही, तर ते यीस्ट संपलेलं आहे हे पाच किलो माल्ट भिजवायच्या आधी कळतं. माझ्या मते स्टार्टरचा सगळ्यात मोठा फायदा हाच.

इथे मला दोन सूचना वारंवार ऐकू येतात. पहिली, माल्ट एक्स्ट्रॅक्ट महाग आहे म्हणून साखरेचं किंवा गुळाचं पाणी द्या. नका देऊ. बिअरच्या वॉर्टमधली मुख्य साखर माल्टोज आहे. साध्या साखरेवर वाढलेलं यीस्ट माल्टोजला हात घालायला कचरतं आणि अर्ध्यावर बसण्याची सवय तिथूनच लागते. पैसे वाचवायचे असतील तर मागच्या बॅचचं दोन लिटर वॉर्ट बाटलीत भरून डीप फ्रीजरमध्ये ठेवा आणि वापरताना पुन्हा उकळा. दुसरी सूचना वाइनरीत काम करणाऱ्या मित्रांची: यीस्ट चाळीस अंशांच्या कोमट पाण्यात भिजवून घ्या. ती सुक्या यीस्टची रीत आहे आणि तिथे बरोबर आहे. लिक्विड यीस्ट आधीच ओलं आणि जिवंत आहे. त्याला चाळीस अंश दाखवणं म्हणजे उरलंसुरलं मारणं.

उन्हाळ्यात स्टार्टर कुठे ठेवायचा हाही प्रश्न येतो. २२ ते २५ अंश हवेत. आमच्याकडे हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) ठेवायच्या खोलीत एसी असतो, तिथे ठेवतो. घरातली सगळ्यात गार फरशी आणि भोवती ओला टॉवेल यानेही बरंच जमतं.

झालं की फ्लास्क रात्रभर फ्रिजमध्ये. यीस्ट खाली बसतं, वरचं पातळ, आंबूस द्रव ओतून टाकायचं आणि खालचा घट्ट साय-रंगाचा थर तेवढा बॅचमध्ये. ओतण्याआधी तो थर हळूहळू वॉर्टच्या तापमानाजवळ येऊ द्या. दोघांत पाच-सहा अंशांपेक्षा जास्त फरक नको.

वॉर्ट गार होत नाही आणि श्वास मिळत नाही

यीस्ट भरपूर आणि ताजं असूनही बसलं, तर या दोन जागा बघा.

मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी ३३-३४ अंशांचं असतं. तेच पाणी चिलरमधून फिरवलं तर वॉर्ट ३६ च्या खाली येतच नाही, कितीही वेळ फिरवा. मग माणूस कंटाळतो आणि यीस्ट टाकून मोकळा होतो. ३६ अंशांना बहुतेक एल यीस्ट एक तर धक्का खाऊन बसतं, नाही तर वेड्यासारखं धावून डोकं चढवणारी जड अल्कोहोल तयार करतं. ४० अंशांपर्यंत आधी टाकीच्या पाण्याने आणा, मग बादलीत बर्फ आणि पाणी घेऊन छोट्या पंपाने तेच गार पाणी फिरवा. १८ ते २० ला उतरल्याशिवाय यीस्ट टाकू नका. आणि लक्षात घ्या, आंबताना आत उष्णता तयार होते. खोली २४ अंश असेल तर फर्मेंटरच्या आत २८ असू शकतात. थर्मामीटर भिंतीवर नको, फर्मेंटरच्या अंगाला चिकटवलेला हवा.

दुसरी गोष्ट प्राणवायू. सुक्या यीस्टमध्ये पेशीच्या पटलाला लागणाऱ्या स्निग्ध द्रव्यांचा साठा कारखान्यातच भरलेला असतो, म्हणून ते वॉर्टमध्ये हवा मिसळली नाही तरी चालून जातं. लिक्विड यीस्टला नव्या पेशींचं पटल बांधायला सुरुवातीचा प्राणवायू लागतोच, लिटरला आठ ते दहा मिलिग्रॅम. नुसती हवा मिसळून जास्तीत जास्त आठच्या आसपास पोचता येतं. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे, इथली हवा सातेक टक्के विरळ, म्हणून तेवढंही मिळत नाही. फर्मेंटर दोन मिनिटं जोरात हलवला की एलचं काम भागतं. जड बिअरला आणि लागरला सिलिंडरमधला शुद्ध प्राणवायू बारीक छिद्रांच्या दगडातून मिनिटभर सोडावा. हे सगळं यीस्ट टाकतानाच. आंबणं सुरू झाल्यावर, किंवा बसलेली बॅच उठवायला म्हणून, हवा घातली तर बिअरला भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येतो आणि तो जात नाही.

पोषणद्रव्याबद्दल थोडक्यात. संपूर्ण माल्टच्या वॉर्टमध्ये नायट्रोजन पुरेसा असतो, वाइनवाल्यांसारखं डीएपी टाकायची गरज नाही. कमी पडतो तो जस्त. बिअरसाठीचं यीस्ट न्यूट्रिएंट उकळीच्या शेवटच्या दहा मिनिटांत टाकलं की तो भरून निघतो.

उठलं, पण १.०२२ ला बसलं

इथे अंदाज बांधत बसू नका. पुढच्या वेळी यीस्ट टाकल्यावर अर्धा लिटर वॉर्ट बाजूला काढा, त्यात गरजेपेक्षा खूप जास्त यीस्ट घाला, २५-२६ अंशांना स्टिररवर ठेवा. दोन-तीन दिवसांत तो नमुना जिथपर्यंत उतरेल, तिथपर्यंत हे वॉर्ट उतरू शकतं. नमुना १.०१२ ला गेला आणि मोठी बॅच १.०२२ ला अडली, तर दोष यीस्टचा किंवा तापमानाचा. नमुनाही १.०२२ लाच थांबला, तर वॉर्टमध्ये खाण्यासारखी साखर उरलेलीच नाही आणि दोष मॅशचा. मॅश ७० च्या वर गेला असेल तर स्टार्चची आंबणारी साखर करणारं बीटा अमायलेज हे एन्झाइम लवकर मरतं. मॅशचा थर्मामीटर बर्फाच्या पाण्यात तपासा. आमचा एकदा तीन अंश कमी दाखवत होता.

यीस्टचा दोष निघाला तर ऋतू बघा. जानेवारीत इकडे रात्री पारा दहाच्या खाली जातो, निफाडला पाचच्याही खाली. इंग्लिश पद्धतीची यीस्ट लवकर गोळा होऊन तळाशी बसणारी असतात, आणि एक गार रात्र त्यांना पुरते. फर्मेंटर घोंगडीत गुंडाळा, २१-२२ अंशांपर्यंत न्या, झाकण न उघडता हळूच गोल फिरवून गाळ वर आणा. बऱ्याचदा दोन दिवसांत पुन्हा चालू होतं. नाही झालं तर नवं यीस्ट घालावं लागतं, पण पाकिटातून थेट नको. दारू तयार झालेल्या, साखर संपत आलेल्या बिअरमध्ये झोपलेलं यीस्ट जागं होत नाही. अर्धा लिटर स्टार्टर करा आणि तो ऐन फेसावर असताना ओता.

सेझॉन या बेल्जियन बिअरप्रकाराची यीस्ट १.०३० च्या आसपास अडून बसण्यासाठी प्रसिद्ध आहेत. त्यांना ऊब हवी असते, २८-३० अंश, आणि धीर. त्यांच्यातली काही यीस्ट इतरांना न पचणाऱ्या साखराही तोडतात. ती वापरलेला फर्मेंटर आणि नळ्या नीट निर्जंतुक केल्या नाहीत, तर पुढची बॅच बाटलीत गेल्यावर आंबत राहते. मी त्यांचं प्लास्टिक वेगळंच ठेवतो.

आणि उन्हाळ्यात बॅच गार ठेवायची सोयच नसेल, तर नॉर्वेच्या शेतघरांतलं क्वाइक यीस्ट घ्या. ते ३५ अंशांना खुशाल काम करतं आणि चव बिघडत नाही. नाशिकच्या मे महिन्यासाठी याहून सोयीचं यीस्ट मला माहीत नाही.

वॉर्ट तयार आहे आणि यीस्ट मेलेलं आहे

मावसभावाचा फोन आला तो असाच. तिथे जानेवारीत पाकीट दाराबाहेरच्या पत्रपेटीत रात्रभर राहून गोठलं होतं. गोठणं उन्हाइतकंच वाईट, बर्फाचे कण पेशी फोडतात. म्हणून आपणही जेल पॅकला यीस्टचं पाकीट थेट चिकटवू नये, मध्ये वर्तमानपत्राच्या दोन-तीन घड्या हव्यात.

अशा वेळी वाट बघायची मर्यादा ठरवून ठेवा. माझी ३६ तासांची आहे. तोवर पीएच आणि ग्रॅव्हिटी दोन्ही जागेवर असतील तर मी फ्रिजमधलं साध्या एल यीस्टचं सुकं पाकीट टाकतो. ११.५ ग्रॅमचं एक पाकीट २० लिटरला पुरतं. हवी होती ती केळ्या-लवंगेची किंवा बेल्जियन चव मिळणार नाही, पण बिअर मिळेल. गोड, उघडं वॉर्ट जितके तास रिकामं राहील तितकी इतर जंतूंना संधी, आणि पावसाळ्यात तर फारच. तीन दिवस काहीच न झालेल्या वॉर्टला आंबट किंवा उकडलेल्या भाजीचा वास आला तर ते ओतून द्या.

आता मी कुरिअरने यीस्ट मागवत नाही. ब्रूअरीतलं कुणी ना कुणी कामासाठी मुंबईला जात असतं. लस नेतात तसला छोटा डबा बरोबर देतो, विक्रेत्याच्या फ्रिजमधून पाकीट थेट डब्यात जातं आणि संध्याकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने त्याच रात्री नाशिकरोडला उतरतं. लॉगर पुन्हा ठेवून बघितला, सगळा प्रवास आठ अंशांच्या आत.

तेही मुख्यतः जानेवारी-फेब्रुवारीत. तेव्हा आणलेलं यीस्ट मी उन्हाळाभर बॅचमधून बॅचमध्ये चालवतो, घरातलं विरजण चालवतात तसं. बॅच उपसली की तळाचा गाळ उकळून गार केलेल्या बरणीत घ्यायचा, झाकण सैल ठेवायचं कारण आत वायू होत राहतो, आणि चिकटपट्टीवर तारीख नि कितवी पिढी ते लिहायचं. दोन आठवड्यांच्या आत वापरायचा, त्याहून जुना असेल तर स्टार्टर करून. पाच-सहा पिढ्यांनंतर नवं पाकीट. लाइट गेली तर बरणी फ्रिजच्या दारात नको, आत मागच्या बाजूला हवी, तिथे गारवा जास्त वेळ टिकतो.